मोर राहू दे, कावळ्यावर लिही: प्राथमिक वर्गासाठी लेखनाचं वर्ष कसं आखायचं

मुंबईतल्या कुठल्याही मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला 'माझा आवडता पक्षी' हा विषय द्या. बहुतेक वह्यांत मोर नाचताना सापडेल. त्याच्या डोक्यावर तुरा असेल, पिसारा 'मनमोहक' असेल आणि शेवटी तो राष्ट्रीय पक्षी असेल. यातल्या कित्येक मुलांनी मोर पाहिलाय तो पुस्तकात. कावळा मात्र रोज खिडकीत येतो, डब्यातली चपाती पळवतो, घरट्यासाठी काड्यांच्या जोडीला लोखंडी तारा उचलून नेतो. वर्गात त्याचा विषय निघाला की पोरं थांबत नाहीत. पण निबंधात त्याला प्रवेश नाही. त्याच्यावरच्या दहा ओळी कुठल्या मार्गदर्शकात तयार नसतात आणि बाईंनी फळ्यावर लिहून दिलेल्या नसतात.

लेखनाचं वर्ष आखताना मी सगळं एका क्रमावर उभं करते. मुलाकडे सांगण्यासारखं जे आहे ते आधी बोलून व्हावं. मग ते त्याच्याच भाषेत कागदावर यावं. आणि त्या कागदाला खरा वाचक मिळणार असेल तेव्हा शुद्धलेखनाची पाळी यावी. पहिल्याच दिवशी लाल पेन निघालं की मुलं सावध होतात आणि जेवढं बिनचूक लिहिता येतं तेवढंच लिहितात. आरे कॉलनीतल्या मुलाकडे बिबट्याची खरीखुरी गोष्ट असते आणि वहीत 'वाघ' येतो, कारण 'बिबट्या'तलं जोडाक्षर चुकेल ही धास्ती.

पुढचं सगळं पहिली ते चौथीच्या वर्गासाठी आहे. नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिका, शाळेत आठवड्यातून एकदा जाणारे स्वयंसेवक, किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी मुलं जमवणारे आईबाबा, कुणालाही ते वापरता येईल.

आधी सुट्ट्या मोजा

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा होते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामकाजाचे दिवस सांगितलेत. आठवड्याला एक पाठ धरला तर चाळीस होतील असं कागदावर दिसतं. त्या आकड्याच्या नादी लागू नका. गणपतीची सुट्टी, सत्र परीक्षा, क्रीडा महोत्सव, स्नेहसंमेलनाच्या तालमी, सहल, हवामान खात्याचा लाल इशारा आल्यावर अचानक जाहीर झालेली सुट्टी हे सगळं वजा होतं. वर्गशिक्षिकेला मतदार याद्यांचं काम लागलं तर आणखी वजा. चोवीस पाठांची आखणी करा, दिवाळीच्या सुट्टीआधी अकरा आणि नंतर तेरा. दोन-तीन पाठ जास्तीचे मिळालेच तर ते मागचं पुरं करायला लागतातच.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मुलं वह्या काढून बसेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. म्हणून जोडतासिका मागा. मुख्याध्यापक देतात, फक्त जूनमध्ये वेळापत्रक चिकटवण्याआधी मागावी लागते. राज्यात २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आला आहे. तुमच्या शाळेत तो नीट चालत असेल तर शनिवारचा वेळ या कामाला अगदी योग्य. त्या दिवशी पाठ्यपुस्तक पुरं करण्याची घाई कुणालाच नसते.

शिक्षक असाल तर वार्षिक नियोजनात आणि टाचण वहीत हे पाठ भाषा विषयाच्या अध्ययन निष्पत्तींखाली, म्हणजे मुलाला काय यायला हवं त्या यादीखाली, लिहून ठेवा. 'स्वतःच्या अनुभवावर स्वतःच्या शब्दांत लिहितो' अशा आशयाची निष्पत्ती तिथे असतेच. म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबांना हा अवांतर उद्योग वाटणार नाही. स्वयंसेवकांनी मात्र वर्गशिक्षिकेला वर्गात बसायचा आग्रह करावा. कोणत्या मुलाच्या घरी काय चाललंय हे तिला ठाऊक असतं, तुम्हाला नसतं.

वही

वेगळी, शंभर पानी, एकरेघी. पहिली-दुसरीला दुरेघी किंवा कोरी. या वहीत शिक्षकाने लाल पेन लावायचं नाही, गुण द्यायचे नाहीत, 'सुवाच्य अक्षर काढ' असा शेरा मारायचा नाही. हे पहिल्या दिवशी मुलांना मोठ्याने सांगा आणि पालकसभेत पालकांनाही सांगा. नाहीतर घरी खोडरबर घेऊन आई बसते आणि दुसऱ्या दिवशी वहीत मुलाच्या अक्षरात आईचा निबंध येतो. गृहपाठ म्हणून लेखन देऊच नका. घरी न्यायचा तो फक्त एखादा प्रश्न, कुणाला तरी विचारण्यासाठी.

वही शाळेतच, कपाटात राहावी. जुलैमध्ये दप्तरातून भिजून लगदा झालेली वही मुलाच्या हातात परत आली की त्याचाही लिहिण्यातला जीव जातो.

एक पाठ कसा चालतो

सत्तर मिनिटं मिळाली तर पहिली वीस नुसतं बोलणं. तुम्ही एक प्रश्न टाकायचा, असा की ज्याचं उत्तर प्रत्येकाकडे वेगळं असेल आणि चुकीचं नसेल. 'पावसाळा कसा असतो?' हा वाईट प्रश्न आहे. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. 'काल शाळेतून घरी जाताना तुझं काय-काय भिजलं?' हा बरा. बूट, चपला, पाकिटातला पास, बहिणीची वही, कागदातला वडापाव. मुलं एकमेकांचं ऐकून आठवायला लागतात. चाळीसच्या वर्गात सगळ्यांना बोलायला मिळणार नाही, म्हणून पाच मिनिटांनी जोड्या करा आणि शेजाऱ्याला सांगायला लावा. गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधीच सांगून ठेवा.

नंतरची दहा मिनिटं फळ्यावर. मुलांनी सांगितलेलं एखादं वाक्य घ्या आणि सगळे मिळून ते वाढवा. 'माझी चप्पल वाहून गेली.' कुठे? कोणत्या पायातली? मग दुसरीचं काय केलंस? दोन-तीन वाक्यं झाली की फळा पुसून टाका. हे महत्त्वाचं आहे. फळ्यावर राहिलेलं वाक्य वीस वह्यांत उतरतं. मुद्दे तर लिहूच नका. 'प्रस्तावना, वर्णन, उपयोग, शेवट' असे चार शब्द दिसले की समोरची मुलं पुन्हा निबंध लिहायला लागतात.

मग वीस मिनिटं लिहिणं. या वेळात तुम्हीही बसून लिहा. वर्गात फिरून वह्यांत डोकावणारा मोठा माणूस असेल तर मुलं हाताने वही झाकतात. कुणी 'बाई, हे कसं लिहायचं?' म्हणून शब्द विचारला तर तेवढा एका चिठ्ठीवर लिहून द्या, लगेच, व्याकरणाचा पाठ न देता. शेवटची वीस मिनिटं वाचून दाखवण्याची. दरवेळी सहा-सात मुलं, आणि पुढच्या पाठाला वेगळी. ज्याला वाचायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही.

ऐकणाऱ्यांना टाळ्यांपेक्षा वेगळं काम द्या: 'यातलं तुला काय दिसलं?' एवढंच सांगायचं. 'छान आहे' चालणार नाही. पहिले दोन महिने मुलं 'छान आहे'च म्हणतील. नंतर कुणीतरी म्हणतं, 'मला ती एक चप्पल हातात घेऊन चालणारी मुलगी दिसली,' आणि बाकीच्यांना कळतं की हे असं बोलायचं असतं.

पहिलीला काय, चौथीला काय

पहिलीतल्या मुलांनी लिहायचंच नाही म्हटलं तरी चालेल. ती चित्र काढतात आणि सांगतात. तुम्ही त्यांचं वाक्य जसंच्या तसं चित्राखाली लिहिता. 'जसंच्या तसं' यावर माझा भर आहे. मूल म्हणालं 'आजी पडली धपकन आणि हसली', तर 'आजी घसरून पडली' असं साफसूफ करून लिहू नका. दुसरीत दोन-तीन वाक्यं, वेलांट्या कुठेही असोत. तिसरी-चौथीत पान-दीड पान होतं आणि संवाद येतो. मिश्र वर्ग असेल तर चौथीच्या मुलांना पहिलीच्यांचे लेखनिक करा. दोघांनाही ते फार आवडतं.

जून, जुलै: कान

सुरुवात कल्पनेपासून करू नका. 'परी भेटली तर' किंवा 'मी चंद्रावर गेलो तर' हे विषय जूनमध्ये दिले की मुलं टीव्हीवर पाहिलेलं लिहितात. पहिले चार-पाच पाठ ऐकण्याला आणि बघण्याला द्या.

पहिला पाठ: एक मिनिट डोळे मिटून बसायचं आणि ऐकू आलेलं सगळं लिहायचं. पाऊस कशावर पडतोय यावरून आवाज बदलतो हे मुंबईच्या मुलाला समजवावं लागत नाही. पत्र्यावर ताडताड, निळ्या ताडपत्रीवर फटफट, छत्रीवर वेगळा, पन्हळीतून वेगळा. मराठीत यासाठी शब्दांची चंगळ आहे: रिपरिप, टपटप, सरसर, भुरभुर, धो-धो. तरी मुलांना नवे आवाज बनवू द्या. वर्गाच्या भिंतीवर त्यांचा तक्ता लागला की तो वर्षभर वाढत राहतो.

दुसऱ्या-तिसऱ्या पाठात पाणी तुंबण्यावर या. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल ही नावं मुलांनी बातम्यांत ऐकलेली असतात आणि आपल्या गल्लीतली जागा तर त्यांना माहीतच असते. पाणी गुडघ्यापर्यंत आलं की घरातलं काय आधी वर उचलतात? पलंगावर काय ठेवतात? मला या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांत गॅसची शेगडी, आधारकार्डांची पिशवी, मांजर आणि एकदा शाळेची ट्रॉफी होती.

तिसरी-चौथीसाठी जुलैच्या शेवटी घरी विचारायचा एक प्रश्न राखून ठेवा: '२६ जुलैला तुम्ही कुठे होतात?' २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आजच्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण घरोघरी एखादी चालत आलेली मावशी, ऑफिसात रात्र काढलेले बाबा, अनोळखी माणसांना चहा देणारी आजी असते. मूल ऐकून येतं आणि दुसऱ्याची गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहितं. कथा सांगण्याचा हा पहिला खरा सराव. वर्गशिक्षिकेला मात्र आधी विचारून घ्या. काही घरांनी त्या दिवशी माणूस गमावलेला असतो.

ऑगस्ट, सप्टेंबर: सण आणि कोडी

या दोन महिन्यांत नारळी पौर्णिमा, दहीहंडी, गणपती, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा असं एकामागून एक येतं आणि 'माझा आवडता सण' हा विषय आपोआप तोंडावर येतो. आवरा. वर्गात सगळी मुलं सगळे सण करत नाहीत, आणि जी करतात त्यांना सणाची माहिती लिहायची सवय लागलेली असते. प्रश्न लहान करा. सर्वांत वरच्या थरावरच्या गोविंदाला खाली काय दिसतं? मूर्ती उचलून नेल्यावर त्या कोपऱ्यात काय उरतं? आणि सगळ्यांना लागू पडणारा, मुंबईचा हमखास प्रश्न: घरी पाहुणे राहायला आले की कोण कुठे झोपतं? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं कशी मावतात हे लिहिताना मुलं नकाशे काढतात, कोण घोरतं ते लिहितात, आणि काही तर चक्क संवाद लिहायला लागतात. तो अजून शिकवलेलाही नसतो.

कवितेसाठी सप्टेंबर बरा. पण यमकापासून सुरुवात केली तर मुलं यमकाच्या मागे धावतात आणि 'ससा' आला की 'कसा' येणारच. त्याऐवजी कोडी करा. नियम तीन: वस्तूचं नाव घ्यायचं नाही, तीन खुणा द्यायच्या, आणि शेवटची खूण थोडी फसवी हवी. नमुना म्हणून एक देते:

छताला लटकते,
सगळ्यांचा हात धरते,
घरी कुणाच्याच जात नाही.

लोकलमधली कडी. मुलांना उत्तर मिळालं की ती लगेच प्रेशर कुकर, वॉचमन, लिफ्ट, पाण्याचा पिंप यांच्यावर रचायला बसतात. कोड्यातून आपोआप कळतं की वस्तू न सांगता वस्तू दाखवता येते. 'उपमा अलंकार' हा शब्द चौथीपर्यंत उच्चारायची गरज नाही.

'मी फळा बोलतोय' या जातीच्या आत्मकथनाबद्दल दोन शब्द. आपल्या शालेय निबंधांतल्या वस्तू फार रडतात. फळा रडतो, झाड रडतं, फाटकं पुस्तक तर हुंदके देतं आणि शेवटी सगळे उपदेश करतात. हा प्रकार मुलांना आवडतो म्हणून सोडू नका, पण वस्तूला माहिती द्या. 'मी नळाचं पाणी' असा विषय असेल तर आधी एक पाठ नकाशावर घालवा. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. विहार आणि तुळशी शहरातच, राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा लांब. त्या वाटेवर पाण्याला काय दिसलं, कुठे अंधार होता, पहाटे कुणाच्या बादलीत पडलं, हे लिहिताना रडायला वेळ मिळत नाही.

ऑक्टोबर: वर्गाचा दिवाळी अंक

पहिल्या सत्राची सगळी मेहनत इथे यायला हवी. मराठीतल्या दिवाळी अंकाची परंपरा मुंबईतच सुरू झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तो पहिला. शाळांमधली हस्तलिखितं हीसुद्धा आपली जुनी रीत. दोन्ही जोडा आणि वर्गाचा एकच हस्तलिखित अंक काढा.

आता लाल पेन निघतं, पण मुलांच्या हातात. प्रत्येक मूल वहीतलं एक लेखन निवडतं. कोणतं द्यायचं हे त्यानेच ठरवायचं. ते जोडीदाराला वाचून दाखवतं, जोडीदार दोन प्रश्न विचारतो, आणि उत्तरं मजकुरात घातली जातात. पुनर्लेखन म्हणजे एवढंच. त्यानंतर शुद्धलेखन. अंक दुसऱ्यांच्या घरी जाणार, कुणाची तरी आजी वाचणार, म्हणून वेलांट्या नीट हव्यात, हे कारण मुलांना पटतं. 'परीक्षेत गुण जातात' हे कारण पटलं तरी त्याने लिहिणं वाढत नाही.

संवादांना हात लावू नका. वर्गात मराठी बोलणारं मूल गल्लीत हिंदी बोलतं, घरी मालवणी, अहिराणी, भोजपुरी किंवा गुजराती. महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, आणि मराठी माध्यमाच्या एका बाकावरही तीन भाषा बसलेल्या असतात. गोष्टीतला रिक्षावाला हिंदीत बोलला तर बोलू दे. आजी 'खंय गेल्लंस?' म्हणाली तर तसंच छापा.

कामं वाटून द्या: संपादक मंडळ, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, चित्रं आणि जाहिराती. जाहिराती विसरू नका. लिहायला नाखूश असलेली मुलं 'हरवलेले खोडरबर शोधून मिळतील' अशी जाहिरात मन लावून करतात. अंकाच्या शेवटी सहा कोरी पानं ठेवा, 'वाचकांचा अभिप्राय' म्हणून. सुट्टीनंतर अंक रोज एका घरी जातो आणि अभिप्राय घेऊन परततो. आजोबांनी थरथरत्या अक्षरात लिहिलेला अभिप्राय मुलं पुन्हा पुन्हा उघडून बघतात. झेरॉक्स काढायची असेल तर काळ्या शाईने आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहायला लावा, खर्च वाचतो.

नोव्हेंबर, डिसेंबर: माणसं आणि जागा

सहल बहुधा याच काळात. राणीच्या बागेत जाणार असाल तर 'सहलीचं वर्णन' टाळण्यासाठी एकच अट घाला: प्रत्येक गटाने एका पिंजऱ्यापाशी दहा मिनिटं थांबायचं आणि प्राण्याबरोबर त्याला बघणाऱ्या माणसांचंही टिपण करायचं. पेंग्विनच्या काचेपुढची गर्दी हा पेंग्विनपेक्षा चांगला विषय आहे. थंडीत शिवडीच्या खाडीकडे फ्लेमिंगो येतात. शाळा जवळ असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघून तिथे न्या, ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरताना दिसतात.

डिसेंबरात मुलाखत. शाळेतल्या मावशी, शिपाई काका, गेटवरचे भाजीवाले, बेस्टचे कंडक्टर. पाच प्रश्न वर्गात तयार करायचे आणि 'तुम्हाला तुमचं काम आवडतं का?' हा त्यातून आधीच काढून टाकायचा. उत्तर नेहमी 'हो' येतं. 'सकाळी सगळ्यात आधी कोणतं कुलूप उघडता?' हा विचारा.

जानेवारी: आता कल्पना

सहा महिने बघणं-ऐकणं झालं की कल्पनेला पाय फुटतात. माझा आवडता पाठ: दादर आणि माटुंग्याच्या मध्ये एक नवं स्टेशन आलंय. नाव काय? तिथे कोण उतरतं? उद्घोषणा कशी होते? अशी स्टेशनं खरंच येतात. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं राम मंदिर २०१६ मध्ये सुरू झालं. मुलं 'फक्त उशीर झालेल्यांचं स्टेशन', 'जिथे कुत्रे तिकीट तपासतात ते स्टेशन' असलं काहीतरी काढतात, पण त्याला फलाट क्रमांक, इंडिकेटर, चहाची टपरी सगळं असतं. कल्पना अशी जमिनीवर टेकलेली असली की गोष्ट चालते.

चार आठवडे एकच गोष्ट करा. पहिल्या आठवड्यात कोण आणि त्याला काय हवंय. दुसऱ्यात कोण अडवतं. तिसऱ्यात त्याने काय केलं. चौथ्यात शेवट. 'आणि मला जाग आली, ते स्वप्न होतं' या शेवटावर बंदी घाला, उघडपणे, हसत. कार्टूनमधली पात्रं आणली तर आणू दे, अट एवढीच की ती मुलाच्या चाळीत किंवा इमारतीत राहायला यावीत. रांगेत बादली घेऊन उभं राहावं लागलं की ती पात्रं मुलाची स्वतःची होतात.

फेब्रुवारी, मार्च

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. शाळेत भाषणं होतील, ती होऊ देत. आपल्या पाठात घरातले शब्द गोळा करा: जे पुस्तकात नाहीत पण आजी वापरते. शब्द, कोण वापरतं, कधी. प्रत्येकाने एक शब्द निवडून त्याच्याभोवती छोटी गोष्ट लिहायची.

वाचून दाखवणं वर्षभर चालू हवंच, दर पाठाला दहा मिनिटं जास्तीची मिळाली तर. 'बालभारती'चं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक मंडळाने ऑनलाइन खुले केलेत. वर्गाचा आपला अंक झाल्यावर मुलं ते वेगळ्या डोळ्यांनी बघतात: अनुक्रमणिका कुठे आहे, चित्र कुणी काढलंय.

मार्चमध्ये नवीन काही सुरू करू नका. दुसरा अंक किंवा पालकांपुढे वाचन, यातलं एक. दोन्ही करायला गेलात तर वार्षिक परीक्षेच्या तोंडावर कुणाचंच धड होत नाही.

नोंदी, आणि एक अवघड बाब

वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत 'लेखन चांगले करतो' लिहून काहीच कळत नाही. 'संवाद स्वतःहून लिहिते, शेवट घाईत करते' किंवा 'सांगतो भरपूर, लिहिताना तीन ओळींत थांबतो. सांगून लिहून घेतल्यास पान भरतो' अशी नोंद पुढच्या शिक्षकाच्या कामी येते. दर पाठानंतर चार मुलांच्या वह्या वाचा आणि प्रत्येकीत एकच प्रश्न लिहा, पेन्सिलने: 'मग त्या मांजरीला कुणी शोधलं?' चाळीस वह्या दर आठवड्याला वाचायचा संकल्प ऑगस्टपर्यंत टिकत नाही.

न लिहिणाऱ्या मुलाला चित्रकथा काढू द्या, संवादांचे फुगे रिकामे सोडू द्या. ते मूल नंतर भरतं.

आणि कधीतरी वहीत मारहाणीची, भीतीची, कुणी चुकीचा हात लावल्याची गोष्ट येईल. 'ही गोष्ट खरी आहे का?' असं सगळ्यांसमोर विचारू नका, वर्गात वाचून दाखवू नका, अंकात घेऊ नका. मुलाला एवढंच सांगा की तू लिहिलंस ते बरं केलंस. त्याच दिवशी वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापकांना कळवा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. 'हे कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र मुलाला देऊ नका, तुम्हाला ते पाळता येणार नाही.

एप्रिलमध्ये प्रत्येक वहीतलं जूनचं पहिलं पान आणि मार्चचं शेवटचं पान यांची प्रत काढून एका फाइलला लावा. वही मुलाची, निकालाच्या दिवशी त्याला घरी नेऊ द्या. फाइल पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाकडे जाते, वर एक कागद जोडून: कोणते प्रश्न चालले, कोणते पडले, कोणाला जोडीदार कोण हवा, आणि कपाटाची किल्ली कुठे आहे.